पुशबटनांचे डीबाउन्सिंग

पुशबटन दाबले की आतले धातूचे संपर्क एका दमात जुळत नाहीत. टेकतात, उसळतात, पुन्हा टेकतात. अमेरिकी अभियंते जॅक गॅन्सल यांनी अठरा स्विच तपासले. त्यांतले दोन वगळता ही थरथर सरासरी सुमारे १.६ मिलिसेकंद टिकली. वगळलेल्यांपैकी एकाने मात्र एकदा १५७ मिलिसेकंद घेतले. बोटाने एकदाच दाबलेले बटन मायक्रोकंट्रोलर त्यामुळे अनेकदा मोजू शकतो. ही जादा मोजणी टाळणे म्हणजे डीबाउन्सिंग.

ते दरवेळी लागतेच असे नाही. बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावात विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला हिरवे आणि लाल बटन असते. हिरवे क्षणभर टेकले की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि आपल्याच एका जादा संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो; मग उसळ्या कितीही येवोत. पण त्याच पेटीत ऑटो स्विच किंवा मोबाइल स्टार्टर आला आणि एकाच बटनाने चालू-बंद करायचे ठरले, तर मोजलेले दाब सम निघताच मोटर होती तशीच राहते.

प्रोसेसर आधीच असेल तर पहिली पसंती सॉफ्टवेअरला. दर ५ मिलिसेकंदांनी बटन वाचावे आणि सलग चार वाचने सारखी आली तरच दाब मान्य करावा. एवढा उशीर बोटाला कळत नाही, खर्च शून्य, आणि आकडे पुढे बदलताही येतात. बटन सरळ इंटरप्टला जोडून प्रत्येक कडेला एक दाब धरणे ही नवशिक्यांची लाडकी चूक.

प्रोसेसर नसेल, किंवा बटन थेट काउंटर आयसीला ठोके देत असेल, तर हार्डवेअरला पर्याय नाही. १० किलोओहमचा रोध आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून १० मिलिसेकंदांचा कालांक देतात. पुढे श्मिट ट्रिगर हवाच, नाहीतर हळू चढणारा व्होल्टेज गेटला गोंधळात टाकतो. कपॅसिटर थेट संपर्कांवर रिकामा होऊ देऊ नये, मध्ये लहान रोध घालावा. दुहेरी संपर्काचे बटन आणि लॅच ही जोडी सर्वांत खात्रीची, पण बटन महाग पडते.

शेतात खरा त्रास बहुधा उसळीचा नसतोच. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना उठणारे झटके बटनाच्या लांब तारेत शिरतात आणि कोणी हात न लावता दाब नोंदला जातो. तिथे तारेच्या टोकाशी आरसी गाळणी आणि ऑप्टोकपलर, त्यामागे सॉफ्टवेअर, असे दोन्ही ठेवावे. लाल बटन मात्र कॉइलच्या वाटेतच राहावे. मोटर बंद करणे प्रोग्रॅमच्या मर्जीवर सोडू नये.