चाकांवरचं घर आणि त्याची बॅटरी

सध्या आमच्या मित्रमंडळात एकच साथ आली आहे. जुनी व्हॅन घ्यायची, आत पलंग-ओटा-पंखा बसवायचा आणि शनिवारी ताडोबा नाहीतर पेंचच्या दिशेने सुटायचं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, नंतर यूट्यूबने उरलंसुरलं काम केलं. नागपूरकरांना तर जंगल दोन-अडीच तासांवर. तेव्हा नवल नाही.

या सगळ्यांचा ग्रुपवर हमखास येणारा प्रश्न: बॅटरी कुठे ठेवू? म्हणजे इंजिन चालू करणारी नव्हे, ती कंपनीने दिलेल्या जागी बसलेली असते. प्रश्न दुसऱ्या बॅटरीचा, जिच्यावर गाडी उभी असताना दिवे, पंखा, फ्रिज आणि पाण्याचा पंप चालतो. आपण तिला घराची बॅटरी म्हणू. सीटखाली? मागे डिकीत? की गाडीच्या पोटाखाली? माझं उत्तर असं की हा प्रश्न रेल्वेने सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवलाय. तो कसा, ते जरा बघू.

सुरुवातीला आगगाडीच्या डब्यात तेलाचे दिवे असत. संध्याकाळी स्टेशनवर एक माणूस टपावर चढायचा आणि छतातल्या भोकातून पेटते दिवे आत सोडत पुढे जायचा. त्यानंतर गॅस आला. लाकडी डबा आणि पेटता गॅस, म्हणजे अपघात झाला की आग ठरलेलीच.

विजेची अडचण होती ती साठवण्याची. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेने शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. १८८१ च्या सुमारास त्याच देशाच्या कामीय फोरने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन ती व्यवहारात आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडन-ब्रायटन मार्गावरच्या एका पुलमन डब्यात या बॅटऱ्यांवर दिवे लावून दाखवले गेले. पण त्या चार्ज करायच्या जमिनीवर. म्हणजे पॉवरबँकवर जगण्यासारखंच!

यातून सुटका केली ती लंडनच्या जे. स्टोन आणि कंपनीने, १८९० च्या दशकात. डब्याखाली डायनामो टांगायचा, त्याला धावत्या आसावरून पट्ट्याने फिरवायचं आणि बॅटरी चार्ज करायची. गाडी वेगात गेली तर व्होल्टेज वाढून दिवे जातील, त्याचं काय? तर डायनामो असा झुलता टांगलेला की ठराविक ओढीनंतर पट्टा घसरायला लागतो आणि डायनामोचा वेग एका मर्यादेत राहतो. एक ओळ कोड न लिहिता केलेलं कंट्रोल सर्किट. आम्ही याला चार मीटिंगा घेतल्या असत्या. भारतात १९०२ मध्ये जोधपूर रेल्वेने डब्यांत विजेचे दिवे नेहमीचे म्हणून बसवले आणि हळूहळू ते देशभर पसरले.

आता आपल्या कॅराव्हॅनचे खरे पणजोबा, म्हणजे रेल्वेचे सलून. साहेब लोक तपासणीला निघाले की निजायची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि नोकरांची जागा असलेला अख्खा डबा गाडीला जोडायचा. मुक्कामाच्या स्टेशनवर तो सायडिंगला सोडून गाडी पुढे निघून जायची. आता आस फिरत नाही, डायनामो गप्प, आणि रात्रभर दिवे-पंखे मात्र हवेत. ताडोबाच्या गेटबाहेर इंजिन बंद करून उभ्या असलेल्या व्हॅनची अडचण नेमकी हीच. असे सलून रेल्वेने २०१८ मध्ये सामान्य प्रवाशांनाही भाड्याने द्यायला सुरुवात केली, हे जाता जाता.

मग रेल्वेने बॅटरी ठेवली कुठे? डब्याच्या पोटाखाली, लोखंडी पेटीत. याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं, चार्ज पूर्ण होत आला की शिसे-ॲसिड बॅटरीतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. तो माणसांच्या झोपायच्या जागेत नको. दुसरं, ॲसिड सांडलं तर खडीवर सांडावं. तिसरं, वजन खाली राहावं. आणि चौथं, जे माझ्या मते सगळ्यात मोठं: यार्डात गाडीच्या कडेने चालणाऱ्या माणसाला पेटी उघडून बघता यावं.

माझे आजोबा रेल्वेत ट्रेन लायटिंगला होते. त्यांची अर्धी नोकरी अशा पेट्या उघडण्यात गेली. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची घनता बघायची, डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी पुसून व्हॅसलीन लावायचं आणि वहीत नोंद करायची. ते म्हणत, "बॅटरी आपण होऊन काही सांगत नाही बाबू, तिले इचारा लागते."

पुढे डब्यांत पंखे वाढले आणि २४ व्होल्टची व्यवस्था अपुरी पडू लागली. रेल्वे ११० व्होल्टवर गेली. तेवढ्याच पॉवरला करंट साडेचार पटींनी कमी, आणि तारेत वाया जाणारी वीज सुमारे २१ पटींनी कमी. एसी डब्याखाली तर २ व्होल्टचे ५६ सेल, १,१०० एएचचे. घरातल्या साठ-सत्तर इन्व्हर्टर बॅटऱ्यांएवढा साठा झाला हा!

इन्व्हर्टरवरून आठवलं. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं. मी शाळेत होतो. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं उशाशी आणि आपण अंधारात, ही नागपूरकरांची जुनी खंत. घरोघरी बॅटरी आली आणि तिची फिरती सुरू झाली. आधी दिवाणखान्यात, मग वास येतो म्हणून जिन्याखाली, मग गॅलरीत. गॅलरीत पश्चिमेचं ऊन. आणि जिन्याखाली गेलेली बॅटरी जुन्या कूलरच्या मागे अशी अडकायची की पाणी घालायला कोणी वाकायचंच नाही. दोन्हीकडची लवकर मरायची.

यातलं उन्हाचं प्रकरण इथे जास्त गंभीर आहे. ठोकताळा असा की २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना शिसे-ॲसिड बॅटरीचं आयुष्य अर्धं होतं. नागपूरचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ पर्यंत गेला होता. नवतपात बंद व्हॅनच्या आत काय होत असेल, त्याचा विचार करा. युरोपातले व्हिडिओ बघून बॅटरी पलंगाखालच्या बंद खोक्यात घालणाऱ्यांनी तर नक्कीच करा.

तर आजचं गणित. बॅटरी मागे हलवली की तार लांबते. मिक्सर-इंडक्शनचा १,२०० वॅट भार म्हणजे १२ व्होल्टला १०० अँपिअर. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन १० मीटर झाली, तर ०.७ व्होल्ट तारेतच जातात. म्हणजे ७० वॅट नुसती उष्णता. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीजवळ, तार जाड आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला जमेल तितका खेटून. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी, कारण साठ किलोचं ओझं करकचून ब्रेक लागला की जागेवर राहत नाही. पाण्याची बॅटरी असेल तर पेटी आतल्या बाजूने सीलबंद आणि तिची नळी वरच्या भागातून थेट गाडीबाहेर, कारण हायड्रोजन वर जातो. आणि हो, गाडीत बदल करण्याआधी आरटीओची मंजुरी.

"मी लिथियम घेतली, मला काय?" असं विचारणारे भेटतात. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी असते, पाणी मागत नाही आणि रोजच्या वापरात हायड्रोजन सोडत नाही, हे खरं. पण तिच्याही चार्जिंगला तापमानाची वरची मर्यादा असते, बहुतेकदा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान. ती ओलांडली की बीएमएस चार्जिंग बंद करतो, आणि भर दुपारी टपावरचं सोलर फुकट तापत बसतं. "मेंटेनन्स फ्री" सीलबंद बॅटरीचं तर नावच फसवं. तिला पाणी लागत नाही असं नाही. उन्हाने ते आटलं तर घालायची वाट बंद केलेली आहे, एवढंच.

रेल्वेतली ही कला आता आटोपत आली आहे. नव्या एलएचबी गाड्यांना वीज टोकाच्या जनरेटर डब्यातून नाहीतर इंजिनमार्गे ओव्हरहेड तारेवरून मिळते आणि डब्यात आणीबाणीपुरती छोटी बॅटरी उरते. आपली नॅरोगेजही गेली, छिंदवाड्याची २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये. तिची इंजिनं बघायला मोतीबागच्या संग्रहालयात जावं लागतं. ती वही आणि हायड्रोमीटर घेऊन फिरणारा माणूस मात्र कुठल्याच संग्रहालयात ठेवता येत नाही.

म्हणून ग्रुपवर मी आता एकच सांगतो. जागा सावलीची शोधा, हवेशीर शोधा, पण त्याआधी तुमचा हात सहज पोचेल अशी शोधा. जिथे हात पोचत नाही तिथे पाणी पोचत नाही, पाना पोचत नाही आणि धूर निघाला तर वेळेवर तुम्हीही पोचत नाही. त्याच पलंगावर तुमची पोरं झोपणार आहेत.