घराची साक्ष
वास्तूचा इतिहास लिहिताना आपण बांधणाऱ्याचे नाव, साल आणि नकाशा नोंदवतो. तिथे राहणारा माणूस निसटतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वास्तुकला व भूदृश्यरचना शिकवणाऱ्या क्लेअर कूपर मार्कस यांनी त्यालाच साक्षीदार केले. घराविषयीच्या भावनांचे चित्र काढायला त्या सांगत. मग ते चित्र म्हणजेच घर मानून माणसाने त्याच्याशी बोलायचे आणि घराच्या वतीने उत्तरही द्यायचे. या मुलाखतींतून १९९५ साली ‘हाउस ॲज अ मिरर ऑफ सेल्फ’ हे पुस्तक सिद्ध झाले. अशी आठवण खोलीची लांबी-रुंदी सांगताना चुकेल. पण तिथे कोण गुदमरले, कोण सावरले, हे कुठल्याच दप्तरात सापडत नाही. घर पाडले की भरपाई चौरस फुटांवर ठरते. ही साक्ष नोंदलेली नसेल, तर नेमके काय गेले ते पुढच्यांना कळणार नाही.