परका सांधा, घरचा जंतू

कापडगिरणीत ज्यांनी उमेद घालविली त्यांना धूळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण गिरण्यांची हवा शुद्ध करणाऱ्या कारागिरीने शस्त्रक्रियेची खोलीही शुद्ध केली, ही हकीगत आमच्या वाचनात फार उशिरा आली.

१८९० साली बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी क्षयाने किडलेल्या गुडघ्यात हस्तिदंती सांधा बसविला. हात कुशल, पण जागाच रोगट. पू होऊन तो प्रयोग फसला. पुढे लँकेशायरमधील राइटिंग्टनच्या इस्पितळात जॉन चार्नले यांनी १९६२ साली धातू व प्लास्टिकचा टिकाऊ खुबा बसविला. त्यांच्याही आरंभीच्या रोग्यांत शेकडा सात ते नऊ जणांना जंतुदोष होई. सात म्हणजे थोडे, असे कोणी म्हणेल. त्या सातांत आपला बाप असला म्हणजे कळते! चार्नलेंनी हवेवर संशय धरला. गिरण्यांत वायुवीजनाची कामे केलेल्या हॉवर्थ यांच्या कारखान्याच्या मदतीने त्यांनी गाळलेल्या हवेची खोली उभारली, शल्यविशारदाचा उच्छ्वासही नळीने बाहेर नेला. प्रमाण शेकडा एकाच्या खाली आले.

उरले ते मात्र हट्टी. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू आपल्या सर्वांच्या कातडीवर निरुपद्रवी नांदतो. कृत्रिम सांध्यावर तो बुळबुळीत थर करून बसतो. तेथे औषध नीट पोचत नाही. ताप नाही, पू नाही, नुसते दुखणे. तो वाढतोही सावकाश. पाच दिवसांत कल्चर टाकून दिले की अहवाल येतो, ‘जंतू नाही’. चौदा दिवस वाट पाहावी लागते. आधीच दिलेली औषधेही जंतूला लपवितात. मेयो क्लिनिकच्या २००७ सालच्या अभ्यासात, तपासणीपूर्वीच्या चौदा दिवसांत प्रतिजैविके घेतलेल्या रोग्यांत मांसाच्या नमुन्यातून शेकडा ४५ जणांचेच दुखणे ओळखले गेले. काढलेला सांधा ध्वनिलहरींनी हलवून ते पाणी तपासले, तेव्हा ७५.

आमच्या युनियनमधील एका सोबत्याचा खुबा वर्षभर ठणकत होता. दर खेपेस नव्या गोळ्या, दर खेपेस अहवाल निर्दोष. अखेर एका डॉक्टरांनी, प्रकृतीला धोका नाही हे पाहून, गोळ्या दोन आठवडे बंद ठेवल्या आणि पाच ठिकाणचे नमुने घेतले. अकराव्या दिवशी तीन नमुन्यांत तोच जंतू उगवला. सांधा काढून औषधमिश्रित सिमेंट भरले. हे सिमेंट हँबुर्गच्या बुखहोल्ट्झ यांनी १९७०च्या सुमारास प्रचारात आणलेले. सहा आठवडे औषध, मग नवा खुबा. मधले तीन महिने तो घरी पडून होता, आणि पगार निम्मा.