'ट्रॅव्हल नर्स'चा पगार : एका आकड्यामागचा हिशेब

- प्रतिनिधी

अमेरिकेतील रुग्णालयांत परिचारिकांची जागा रिकामी असली, कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली किंवा हिवाळ्यात रुग्ण वाढले, की काही आठवड्यांपुरती बाहेरगावची परिचारिका नेमली जाते. तिला 'ट्रॅव्हल नर्स' म्हणतात. तिचा पगार रुग्णालय नव्हे, तर मनुष्यबळ पुरविणारी एजन्सी देते. करार साधारणतः १३ आठवड्यांचा असतो आणि आठवड्याला बारा तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे ३६ तास काम असते.

जाहिरातीत आठवड्याचा एकच घसघशीत आकडा दिसतो. मात्र तो सगळा पगार नसतो. त्यात तासावारी मिळणारे करपात्र वेतन आणि निवास व भोजनाचा भत्ता असे दोन भाग असतात. उदाहरणादाखल, आठवड्याला २,००० डॉलर देणाऱ्या करारात तासाला २५ डॉलरप्रमाणे ३६ तासांचे ९०० डॉलर वेतन आणि उरलेले १,१०० डॉलर भत्ता असू शकतो.

ही विभागणी महत्त्वाची आहे. वरील करारात सरासरी तासाला सुमारे ५५ डॉलर पडतात. पण आठवड्याला ४० तासांहून अधिक काम केल्यास दीडपट दर केवळ मूळ वेतनावर धरला, तर जादा तासाला ३७.५० डॉलरच मिळतात. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतनही करपात्र वेतनावरच ठरते. पाळ्या चुकल्यास कापला जाणारा भत्ता हा वेतनाचाच भाग असून जादा कामाच्या दरात तो धरला पाहिजे, असा निकाल नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला.

भत्ता करमुक्त केव्हा?

परिचारिकेचे करविषयक कायम ठिकाण अन्यत्र असेल आणि तात्पुरत्या कामामुळे तिला दुसरीकडे राहावे लागत असेल, तरच भत्त्यावर कर लागत नाही. एकाच ठिकाणचे काम एका वर्षाहून अधिक चालणार असेल, तर ही सवलत जाते. असे कायम ठिकाणच नसलेल्या परिचारिकेला भत्त्यावरही कर भरावा लागतो. भारतातून गेलेल्या, अमेरिकेत बिऱ्हाड नसलेल्या परिचारिकांनी हा नियम विशेष ध्यानात ठेवावा.

घर आणि विमा

एजन्सीने दिलेले घर घ्यावे किंवा भत्ता घेऊन स्वतः घर शोधावे, असे दोन पर्याय सहसा असतात. दुसऱ्या पर्यायात पैसे वाचू शकतात; मात्र करार मध्येच रद्द झाला, तरी घरभाडे चुकत नाही. करोना साथीत २०२० आणि २०२१ मध्ये कडाडलेले दर २०२२ मध्ये उतरले, तेव्हा अनेक परिचारिकांना करार रद्द होण्याचा किंवा ऐन मुदतीत दर घटण्याचा फटका बसला.

आरोग्य विमा अनेकदा करारासोबत संपतो. दोन करारांमधील खंडात कोब्रा कायद्यानुसार तो चालू ठेवता येतो. परंतु हप्ता बहुधा पूर्णपणे स्वतःच भरावा लागतो. भरपगारी रजाही बेताचीच असते.

म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : तासाचा मूळ दर, किमान तासांची हमी, करार रद्द करण्याची पूर्वसूचना आणि विम्याचा पहिला व अखेरचा दिवस. जाहिरातीतल्या आकड्यातून हातात नेमके किती पडणार, हे त्यांवरच ठरते.