परतलेली फिल्म आणि न परतलेली

टाकून दिलेली विद्या पुन्हां हवीशी वाटली, तर हांक मारतांच ती परत येते काय? छायाचित्रणाच्या गेल्या ५० वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें सांपडतात.

फिल्मवर मात करणारा कॅमेरा फिल्मच्याच माहेरीं जन्मला, हें मोठें नवल होय. अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरानें १९७५ सालीं डिजिटल कॅमेरा जुळविला. एक काळेंपांढरें चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास त्याला २३ सेकंद लागत! परंतु शतक पालटल्यावर हाच कॅमेरा घरोघरीं पोंचला, फिल्म धुणारीं दुकानें एकामागून एक बंद पडलीं, आणि जानेवारी २०१२ मध्यें खुद्द कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

या पडझडींत कोडॅकच्या दोन नामांकित रंगीत फिल्म लोपल्या. लिओपोल्ड मॅनेस व लिओपोल्ड गोडॉव्स्की या दोघां संगीतज्ञांनीं सिद्ध केलेली, १९३५ सालची कोडाक्रोम २००९ मध्यें थांबली. १९४६ पासूनची एक्टाक्रोम बंद करण्याचें २०१२ मध्यें जाहीर झालें.

पुढें वारा फिरला. डिजिटल कॅमेऱ्यावर वाढलेलीच तरुण मंडळी फिल्मकडे वळूं लागली. एका गुंडाळींत चित्रें अवघीं ३६, प्रत्येकाला पैसे पडणार, आणि तें कसें उतरलें हें तत्काळ दिसणार नाहीं. त्यामुळें कळ दाबण्यापूर्वीं माणूस डोळे भरून पाहतो. हा संयमच त्यांना प्रिय झाला. मागणी वाढली, आणि २०१८ सालीं एक्टाक्रोम पुन्हां बाजारांत आली. कांहीं जुनीं द्रव्यें मिळेनाशीं झाल्यामुळें तिची कृति मात्र नव्यानें बसवावी लागली.

कोडाक्रोम परतली नाहीं. तिच्यांत रंग घडविणारीं द्रव्यें नसत. धुतांना एकेक रंग क्रमानें चढवावा लागे. त्यासाठीं मोठें यंत्र आणि मुरलेला रसायनज्ञ हवा. अखेरीस हें काम जगांत कॅन्सस राज्यांतील पार्सन्स या एकाच गांवीं उरलें, व २०१० च्या अखेरीस तेथेंही नव्या गुंडाळ्या घेणें थांबलें. उलट एक्टाक्रोमचीं रंगद्रव्यें तिच्या पोटांतच असल्यानें ती हौशी माणसालाही घरीं धुतां येई. इतर कंपन्यांच्या फिल्मही त्याच रीतीनें धुतल्या जात. म्हणून एक्टाक्रोम गेली तरी ती रीत अनेकांच्या हातीं जिवंत राहिली.

एकाच कुलुपांत ठेवलेली विद्या कुलूप गंजलें कीं संपते. चारचौघांत वांटलेली विद्या वाईट दिवस काढून पुन्हां उभी राहते. आजही एखाद्या घरच्या जुन्या कपाटांत न धुतलेली कोडाक्रोमची गुंडाळी निघते. कुशल कारागीर तिच्यांतून काळींपांढरीं चित्रें काढूं शकतो. परंतु त्या दिवशींच्या शालूचा रंग काढून देणारी प्रयोगशाळा आतां राहिलेली नाहीं.