निजगल : हायवेवरचा डोंगर आणि किल्लेदाराचं उत्तर

 

पुण्याहून किंवा कोल्हापूरहून रात्रीच्या बसने तुम्ही कधी बेंगळुरूला आला असाल, तर आज ज्या डोंगराबद्दल बोलणार आहे त्याच्या पायथ्याशी तुम्ही नक्की गेला आहात. बहुतेक झोपेत. तुमकूर मागे पडतं, दाबसपेट यायला लागतं आणि पहाटेच्या उजेडात रस्त्याला लागूनच काळ्या दगडाचा एक डोंगर उभा राहतो. नीट पाहिलं तर त्याच्या अंगावर तटाच्या रेषा दिसतात. हा निजगल. मी स्वतः नोकरीच्या काळात या रस्त्याने किती वेळा गेलो त्याचा हिशेब नाही. एकदाही थांबलो नाही. निवृत्तीनंतर मुलाकडे आनेकलला राहायला आलो, तेव्हा कुठे पाय लागले.

आधी जायचं कसं ते सांगतो, कारण दर वेळी तेच विचारलं जातं. आनेकल बेंगळुरूच्या दक्षिणेला, निजगल वायव्येला. अंतर नव्वद-शंभर किलोमीटर. शहरातून जाऊ नका, नाईस रोड धरा आणि पहाटे पाचला घर सोडा. सोबत माणशी दोन लिटर पाणी, टाचेला पकड असलेले बूट आणि डोक्याला टोपी. वर सावली फारशी नाही. पावसाळ्यात हा ग्रॅनाइट शेवाळतो, तेव्हा हौस करू नका. खाली उतरलात की क्यातसंद्राची तट्टे इडली आहे, ताटलीएवढी. अंगात जोर उरला असेल तर जवळच शिवगंगे आहे. चार दिशांनी तो डोंगर चार तऱ्हांचा दिसतो असं इथले लोक सांगतात : एकीकडून नंदी, एकीकडून गणपती, एकीकडून पिंड, एकीकडून नाग.

आता मुद्द्यावर येऊ. हा मुलूख आपल्याला परका नाही. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इकडे आले, केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं आणि ते राजांच्या जहागिरीचं ठाणं झालं. पुढे व्यंकोजीराजांच्या काळातला 1669 चा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळापाशी आहे. 1687 मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेलं. भोसल्यांचं बेंगळुरू एवढं, जवळजवळ पन्नास वर्षांचं. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंही.

पण निजगलची गोष्ट त्यानंतरची, 1770 ची. तोवर म्हैसुरात वोडेयर नावापुरते उरले होते, सत्ता हैदरअलीची होती. इकडे पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवेपदावर बसलेले माधवराव एकापाठोपाठ एक कर्नाटकच्या स्वाऱ्या काढत होते. 1767 च्या स्वारीत त्यांनी शिरे घेतलं, मधुगिरी घेतलं आणि तिथे कैदेत असलेली बिदनूरची राणी सोडवली. हैदराने खंडणी कबूल केली, पण ती देताना हात आखडता घेतला. त्याला कारणही होतं. 1769 च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या इंग्रजांशी त्याचा तह झाला होता आणि एकमेकांना मदत करण्याचं त्यात कलम होतं. त्याच्या जोरावर तो मराठ्यांना नाही म्हणू लागला. इंग्रज काही मदतीला आले नाहीत, आणि हा राग त्याने पुढे बरीच वर्षं मनात ठेवला.

हैदर पक्का लढवय्या होता. मोकळ्या मैदानात मराठी घोडदळापुढे उभं राहणं परवडत नाही, हे तो आधीच्या लढायांत शिकला होता. म्हणून त्याने डोंगरी किल्ल्यांवर भिस्त ठेवली. देवरायनदुर्ग, नंदीदुर्ग, निजगल ही सगळी ठाणी. घोडं डोंगर चढत नाही, तोफ वर नेता येत नाही, आणि वेढा घालणाऱ्याला रोज हजारो जनावरांची वैरण शोधावी लागते. पाऊस सुरू व्हायच्या आत निकाल लागला नाही तर वेढा घालणाराच अडकतो.

वर उभं राहिलात की हे आपोआप समजतं. मी सवयीने हल्लेखोराच्या नजरेने डोंगर पाहिला. तीन बाजूंनी उघडा, उतरता कातळ. लपायला झुडूप नाही. चढणारा माणूस वरून प्रत्येक पावलाला दिसतो. जिथे चढण जरा सोपी होते, तिथे बरोबर तट आणि बुरूज आहेत. ज्याने हे बांधलं त्याला आपलं काम येत होतं. आम्हाला प्रशिक्षणात शिकवायचे की डोंगरावर हल्ला करायचा तर बचाव करणाऱ्यापेक्षा कितीतरी पट माणसं लागतात. त्या काळी ती माणसं खर्ची पडायची.

तशी ती पडली. वेढा चांगला लांबला, हल्ले परतवले गेले. पेशव्यांचा धाकटा भाऊ नारायणराव तिथे जखमी झाला. वय वर्षं चौदा. शेवटी तट चढले ते चित्रदुर्गच्या मदकरी नायकाचे बेरड. नायक तेव्हा मराठ्यांच्या बाजूने होता आणि त्याची माणसं अशा कातळावरच लहानाची मोठी झालेली होती. किल्ला पडला. किल्लेदार सरदारखान जिवंत हाती लागला.

इथून पुढचं मार्क विल्क्स या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. हा पुढे म्हैसूर दरबारी रेसिडेंट होता आणि म्हैसूरच्या इतिहासावरचे त्याचे खंड 1810 ते 1817 च्या दरम्यान छापले गेले. तो सांगतो की इतके दिवस झुंजवल्याच्या संतापात पेशव्यांनी वाचलेल्या शिबंदीचे नाक-कान कापण्याचा हुकूम दिला, आणि तो अमलात आला. मग सरदारखानाला पुढे आणलं. पेशव्यांनी विचारलं, तुझीही हीच गत का करू नये? त्यावर त्याने उत्तर दिलं ते अशा अर्थाचं, की कापला मी जाईन, पण नामुष्की तुमची होईल. पेशवे गप्प झाले आणि त्यांनी त्याला धक्का न लावता सोडून दिलं.

विल्क्सने हे घटनेनंतर चाळीस वर्षांहून अधिक काळाने लिहिलं आणि तो आपल्या बाजूचा नव्हता, हे ध्यानात ठेवूनच वाचावं. पण केवळ आपल्याला बोचतं म्हणून ते खोटं ठरवता येत नाही. आणि गंमत पाहा, याच गोष्टीत तो माधवरावांना ऐकून घेणारा, लाज वाटणारा माणूस म्हणूनही दाखवतो. ज्यांना माधवराव प्रिय आहेत, आणि मलाही आहेत, त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र घ्यायला हव्यात.

माझी नात आठवीत आहे. मागच्या हिवाळ्यात तिला घेऊन गेलो होतो. वरच्या तटावर बसून तिला हे सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, म्हणजे आपण तेव्हा वाईट होतो का?" शाळेत तिच्या वर्गातली निम्मी मुलं कन्नड आहेत. तिला खरंच उत्तर हवं होतं, भाषण नको होतं.

तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. ईशान्येकडच्या एका पोस्टिंगमध्ये मी नवा कॅप्टन होतो. एका रात्रीच्या चकमकीत माझा एक जवान गेला. एकविसाव्या वर्षी. पहाटे समोरचा एक जण हाती लागला. पायाला गोळी लागलेला, पोरसवदा. त्याला पाहिल्यावर माझ्या डोक्यात जे आलं ते हुकूम होऊन तोंडातून बाहेर पडायला फार वेळ लागला नसता, आणि तो पाळलाही गेला असता. माझे सुभेदार साहेब शेजारी उभे होते. वडिलांच्या वयाचे. ते एवढंच म्हणाले, "साहेब, पहिल्यांदा ह्याला पाणी पाजू." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी आपली बाटली उघडली. तेवढ्या मिनिटात मी भानावर आलो. नंतर कित्येक रात्री मनात यायचं, सुभेदार साहेब तिथे नसते तर?

म्हणून मी नातीला म्हणालो, "बाळा, पेशवे वाईट नव्हते. पंचवीस वर्षांचे होते, माणसं गमावून बसले होते, धाकटा भाऊ जखमी झाला होता. पण त्यांनी जो हुकूम दिला तो वाईट होता. आणि पाणी पाजू म्हणणारा शेजारी असला तर त्याने वेळेवर बोलावं लागतं. तिथे ते एका कैद्याला बोलावं लागलं, आणि तोवर बाकीच्यांचं होऊन गेलं होतं."

हाच न्याय पुढेही लावावा लागतो. 1791 मध्ये टिपूविरुद्धच्या युद्धात पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठाच्या पुन्हा उभारणीला टिपूने मदत पाठवली. आपल्याकडे हे कमी सांगितलं जातं. आणि दुसऱ्या बाजूला हेही सांगायला हवं की 1971 मध्ये ढाक्याच्या शरणागतीनंतर नव्वद हजारांवर युद्धकैदी आपल्या ताब्यात आले. त्यांना जिनिव्हा करारानुसार सांभाळून 1974 पर्यंत परत पाठवलं. मी तेव्हा शाळेत होतो, पण ज्यांच्या हाताखाली पुढे शिकलो ते त्यातले होते. ढाक्याइतकाच त्या सांभाळण्याचाही त्यांना अभिमान होता.

निजगल जिंकून हाती काय राहिलं? माधवराव त्याच वर्षी आजारपणामुळे पुण्याला परतले, मोहीम त्रिंबकराव पेठ्यांनी पुढे चालवली. 1772 मध्ये हैदराशी तह झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात थेऊरला माधवराव गेले. निजगलला जखमी झालेल्या नारायणरावाचा 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात खून झाला, तोही आपल्याच माणसांच्या हातून. पुण्यातल्या त्या गोंधळात हैदराने शिऱ्यापर्यंतचा मुलूख परत घेतला. आणि ज्या मदकरी नायकाच्या बेरडांनी तट सर केला, त्याचं चित्रदुर्ग 1779 मध्ये हैदराने जिंकलं. दहा वर्षांच्या आत त्या विजयाचं काही उरलं नाही. सरदारखानाचं वाक्य मात्र अडीचशे वर्षं टिकलं.

तेव्हा पुढच्या वेळी या रस्त्याने आलात तर दिवसाच्या गाडीने या, दाबसपेटच्या अलीकडे उतरा आणि तासभर चढा. मुलांना बरोबर न्या. गावातलं कुणी भेटलं तर चार शब्द कन्नडमध्ये बोला, चुकले तरी चालतात, माझे रोज चुकतात. तटाच्या विटांवर नावं कोरू नका. आणि वर बसून मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा ती अर्धी सांगू नका.

पुढच्या भागात शहाजीराजांच्या समाधीवर, होदिगेरेला जाऊ. तोवर रजा घेतो. जय हिंद.