दसरा चौक : अनेक दारांचे एकच अंगण

करवीरनगरीचा परिचय करून देताना श्री अंबाबाईचे मंदिर, रंकाळा तलाव, नवा राजवाडा आणि पंचगंगेचा घाट यांचा उल्लेख प्रथम केला जातो, आणि तो योग्यच आहे. तथापि कोणत्याही नगराचे रूप जरी मंदिरांनी व राजवाड्यांनी घडत असले, तरी त्याचा स्वभाव घडतो तो पेठांतून आणि चौकांतून. कोल्हापूरचा स्वभाव ज्यास जाणून घ्यावयाचा असेल त्याने दसरा चौकात घटकाभर उभे राहावे. निरनिराळ्या समाजांच्या वास्तू इतक्या निकट आणि इतक्या सहजपणे नांदताना इतरत्र क्वचितच आढळतील. या चौकाशी आपल्या जैन समाजाचे नाते शंभर वर्षांहून अधिक काळाचे आहे. म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याची उजळणी करणे अगत्याचे ठरते.

चौकाचा परिसर

चौकाच्या मध्यभागी राजर्षी शाहू छत्रपतींचा पुतळा आहे. त्याच्या सभोवती शाहू स्मारक भवन, शहाजी छत्रपती महाविद्यालय, वीरशैव लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ, मुस्लिम बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग अशा वास्तू आहेत. येथून थोडे पुढे गेले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे पूर्वीचे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, लागते. त्याच्याजवळच चार्ल्स मँट या स्थापत्यविशारदाच्या आराखड्यानुसार १८७० च्या दशकात उभारलेला टाऊन हॉल आहे. त्यातील वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती ठेवलेली आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या गावी ती मूर्ती आली, यावरून येथील व्यापाराचा पल्ला दोन हजार वर्षांपूर्वीही किती लांबचा होता हे दिसून येते.

दुसऱ्या दिशेस काही मिनिटांच्या अंतरावर बिंदू चौक आहे. जुन्या तटाच्या सान्निध्यात असलेल्या या चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते उभे राहिले. बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांचा पुतळा उभारण्याचा मान या नगरीने मिळविला. पलीकडे लक्ष्मीपुरी आणि शाहूपुरी या व्यापारी पेठा आहेत. त्यांपैकी शाहूपुरी ही गुळाच्या व्यापारासाठी १८९५ मध्ये शाहू महाराजांनीच वसविली. न्याय, आरोग्य, विद्या, व्यापार आणि धर्म यांची ठिकाणे येथे हाकेच्या अंतरावर आहेत.

वेगळी दारे कशासाठी?

जैन समाज या भूमीत प्राचीन आहे. शिलाहार राजा विजयादित्याचा शके १०६५ म्हणजे इ. स. ११४३ चा शिलालेख शुक्रवार दरवाजाजवळच्या जैन मंदिराशी निगडित आहे, आणि शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठातील भगवान आदिनाथांची २८ फुटी मूर्ती सर्वपरिचित आहे. परंतु प्राचीनता ही विद्येची हमी नव्हे. एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा या भागातील बहुसंख्य जैन कुटुंबे शेतीवर निर्वाह करीत होती. शिरोळ, हातकणंगले या बाजूच्या खेड्यातील मुलाने प्राथमिक शाळा संपविली की पुढील शिक्षणासाठी कोल्हापूर गाठणे त्यास अवघड होते. शाळा होती, बुद्धी होती, पण राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोठे, या दोन प्रश्नांपाशी शिक्षण अडत असे. मराठा, मुसलमान, लिंगायत आणि अन्य समाजांतील मुलांचीही हीच अडचण होती.

१८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यावर शाहू महाराजांनी या प्रश्नाकडे लक्ष दिले. १८९६ च्या सुमारास राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे एक वसतिगृह सुरू करण्यात आले. हेतू उत्तम होता, परंतु त्या काळच्या पंक्तिभेदापुढे तो टिकला नाही आणि ते वसतिगृह व्यवहारात एकाच वर्गाचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी निराळा मार्ग धरला. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढावे, त्याची व्यवस्था स्वतः पाहावी आणि राज्याने जागा, अनुदान व आश्रय द्यावा, असा हा मार्ग होता. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगची स्थापना झाली. १९०६ मध्ये मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत विद्यार्थी वसतिगृह झाले आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. पुढील काळात दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, सुतार, नाभिक अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हटले जाते ते याच कारणाने.

जैन बोर्डिंगच्या मागे दोन बळे होती. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे संघटन हे एक, आणि मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचे औदार्य हे दुसरे. या कार्यात अण्णासाहेब लठ्ठे यांनी आपली विद्वत्ता आणि कर्तृत्व वेचले. हेच लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ ते १९३९ या काळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. शाहू महाराजांचे चरित्रही त्यांनी लिहिले. राज्याचा आश्रय, सभेचे संघटन आणि श्रेष्ठींचे दान असा तिहेरी योग जुळून आल्यामुळे ही संस्था उभी राहिली.

आज कोणी विचारील की, एकाच गावात इतकी वेगवेगळी वसतिगृहे हा भेदभावच नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. जैन विद्यार्थ्यास सूर्यास्तापूर्वी भोजन हवे, पाणी गाळलेले हवे आणि कंदमूळ वर्ज्य. शेजारच्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये रमजानच्या महिन्यात सूर्यास्तानंतरच अन्नाला स्पर्श व्हावयाचा. एका घरातील चूल ज्या घटकेस विझावयाची, त्याच घटकेस दुसऱ्या घरातील ताटे मांडली जावयाची. अशा परिस्थितीत आपले आचार न सोडता शिक्षण मिळते, हा विश्वास खेड्यातील मातापित्यांस देणे अत्यावश्यक होते. तो विश्वास मिळाला म्हणूनच त्यांनी मुलांना घराबाहेर पाठविले. ही मुले झोपावयास आणि जेवावयास वेगळ्या छपराखाली असली, तरी शाळेत एकाच बाकावर बसत आणि एकाच चौकातून घरी परतत.

एका विद्यार्थ्याची कसोटी

तथापि वेगळे दार हे सोयीसाठी आहे, की दुसऱ्यास बाहेर ठेवण्यासाठी, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. तो उपस्थित केला जैन बोर्डिंगमधीलच एका विद्यार्थ्याने. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील हे शिक्षणासाठी कोल्हापुरात येऊन या बोर्डिंगमध्ये राहिले होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करण्यात आली, ती त्यांनी मानली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हा प्रसंग आपल्या समाजाच्या इतिहासातील आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या काळी तो नियम सर्वच समाजांत होता. परंतु ज्या धर्माने प्रत्येक जीवाच्या ठिकाणी समान आत्मतत्त्व मानले, त्या धर्माच्या अनुयायांनी मनुष्याच्या स्पर्शाने विटाळ मानावा, ही विसंगती एका विद्यार्थ्याला दिसली, हे विसरता येत नाही.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश सम्राटाच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा अनन्वित छळ झाला. ज्या बोर्डिंगचे दार त्यांना बंद झाले होते, त्या बोर्डिंगच्या आधारस्तंभाविरुद्ध बोलण्याची संधी त्यांच्यापुढे चालून आली होती. त्यांनी यातना सोसल्या, परंतु असत्य उच्चारले नाही. सत्य हे व्रत म्हणून कसे पाळावे याचे याहून मोठे उदाहरण कोणते असू शकेल?

याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. त्यास ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव महात्मा गांधींच्या उपस्थितीत १९२७ मध्ये देण्यात आले. १८९६ मध्ये कोल्हापुरात जे साधले नव्हते, ते अठ्ठावीस वर्षांनी साताऱ्यात साधले. मधल्या काळात वेगवेगळ्या वसतिगृहांनी प्रत्येक समाजात शिकलेली पिढी तयार केली होती, म्हणूनच एकत्र बसण्याची भूमी तयार झाली. शाहू महाराजांनाही वेगळेपणा कायमचा अभिप्रेत नव्हता. जातीच्या संस्थांनी अखेरीस जातिभेदच नाहीसा करावा, हाच विचार त्यांनी १९२० मध्ये नाशिक येथील वसतिगृहाच्या समारंभात मांडला.

याच परिसरातील भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान होते. पाण्याच्या हौदास स्पर्श केला म्हणून मार खाल्लेल्या या गृहस्थास महाराजांनी ते उघडून दिले आणि तेथे थांबून ते स्वतः चहा घेत. राजाने चहा घेतल्यावर बरोबरच्या मंडळींना नाही म्हणणे अशक्य होई. एका कप चहाने जे घडले, ते पुष्कळ व्याख्यानांनीही घडले नसते.

सोन्याची देवघेव

विजयादशमीच्या सायंकाळी या चौकाच्या नावाची सार्थकता प्रत्ययास येते. अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या येथे येतात. छत्रपती घराण्याची प्रसिद्ध मेबॅक मोटार येते, शमीपूजन होते आणि सोने लुटले जाते. त्या वेळी आपट्याचे पान देणारा कोण आणि घेणारा कोण, हे कोणी विचारीत नाही. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग आणि चित्रदुर्ग मठ यांच्या साक्षीने होणारे हे सीमोल्लंघन खऱ्या अर्थाने सीमा ओलांडणारे आहे.

भगवान महावीरांच्या अनेकान्तवादाचे सार हेच की, सत्यास अनेक बाजू असतात आणि दुसऱ्याची बाजू समजून घेतल्याखेरीज आपले ज्ञान पूर्ण होत नाही. या तत्त्वाचा पाठ ग्रंथात मिळतो, तसाच तो दसरा चौकातही मिळतो. येथे कोणी आपले दार मोडले नाही, आणि दारासमोरचे अंगणही कोणी वाटून घेतले नाही.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याही संस्थेने जमाखर्चाच्या वहीबरोबर ही वहीही उघडून पाहावी. आपल्या वास्तूत आपल्या मुलांची सोय झाली, ही जमेची बाजू. त्या वास्तूचा उपयोग शेजाऱ्याच्या मुलास किती झाला, हा आकडा दुसऱ्या रकान्यात मांडावा लागेल. पूर्वजांनी राजाश्रय आणि दान यांच्या बळावर भिंती उभ्या केल्या. त्या भिंतींना खिडक्या ठेवण्याचे काम नव्या पिढीचे आहे. शिष्यवृत्ती देताना, दवाखाना चालविताना, संकटकाळी अन्नछत्र उघडताना समाजाचे नाव न विचारण्याची रीत जो ट्रस्ट पाळील, तो भाऊरावांनी दाखविलेल्या मार्गावर आहे असे समजावे. शताब्दीच्या स्मरणिकेत त्याची नोंद आनंदाने केली जावी, हीच जिनचरणी प्रार्थना.